‘अणुरॉकेट’ खरंच उडालं का? ट्रॉम्बेहून चंद्राकडे गेलेल्या एक वॉटच्या उबेची गोष्ट

विज्ञान विशेष | बुलढाणा

‘भारतानं अणूवर चालणारं रॉकेट बनवलं’, ‘आता मंगळ फक्त काही दिवसांवर’, ‘अमेरिकेला जमलं नाही ते ट्रॉम्बेनं करून दाखवलं’... चंद्रयान-३ चंद्रावर उतरल्यापासून असे मेसेज गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आहेत. सोबत आगीचे लोळ सोडणाऱ्या रॉकेटचा फोटो असतो आणि खाली ‘पुढे पाठवा’ असा आग्रह. मग पारावर प्रश्न येतोच, “मंग आपलं रॉकेट अणूवर चालते का नाही?”

आधी थोडक्यात उत्तर. नाही, चालत नाही. चंद्रयान-३ ला वर नेणारं एलव्हीएम-३ रॉकेट पूर्णपणे रासायनिक इंधनावर उडालं. अणुभट्टीत वायू तापवून त्याच्या धक्क्यानं उडणारं इंजिन आजवर कोणत्याच देशानं अवकाशात चालवलेलं नाही. मात्र मेसेज सगळाच हवेतला आहे असंही नाही. चंद्रयान-३ सोबत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बनलेल्या दोन छोट्या वस्तू खरोखर चंद्राच्या कक्षेपर्यंत गेल्या होत्या. त्या अणूच्याच होत्या. फक्त त्यांचं काम रॉकेट उडवण्याचं नव्हतं, ऊब देण्याचं होतं.

या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून सगळा घोळ होतो. ‘अणूवर चालणारं इंजिन’ वेगळं आणि ‘अणूची ऊब’ वेगळी. पहिली गोष्ट अजून जमिनीवरच्या चाचण्यांपुढे गेलेली नाही. दुसरी गेली पन्नास-साठ वर्षं अवकाशात मुकाट्यानं काम करतेय. दोन्ही नीट समजून घेऊ.

ट्रॉम्बे आपल्याला अनोळखी नाही

मुंबईत चेंबूर-मानखुर्दच्या पुढे, ठाण्याच्या खाडीला लागून जी टेकडी दिसते तिच्या पायथ्याशी ट्रॉम्बे आहे. मूळ मराठी नाव तुर्भे, इंग्रजांच्या तोंडी त्याचं ट्रॉम्बे झालं. खाडीपलीकडे नवी मुंबईतही एक तुर्भे आहे, ते वेगळं. या पट्ट्यात तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, टाटांचं वीज केंद्र आहे आणि आरसीएफचा खत कारखाना आहे. आपल्या शेतात पडणारं ‘सुफला १५-१५-१५’ त्याच कारखान्याचं.

भाभा केंद्राशी आपलं नातं तर त्याहून जवळचं. उडदाचं ‘टीएयू-१’ हे बियाणं आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही. त्यातला ‘टी’ ट्रॉम्बेचा, ‘ए’ अकोल्याचा आणि ‘यू’ उडदाचा. भुईमुगाच्या ‘टीएजी-२४’ चंही तसंच, ट्रॉम्बे-अकोला-भुईमूग. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी बियाण्यावर किरणांचा मारा करून त्यात बदल घडवले, त्यातून निवड केली, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासोबत हे वाण शेतकऱ्यांपर्यंत आणले. म्हणजे अणूचं विज्ञान आपल्या बांधावर कधीचंच येऊन पोचलंय.

याच ट्रॉम्बेत ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. आशियातली ती पहिली. डॉ. होमी भाभा यांनी उभारलेल्या या संस्थेचं नाव तेव्हा अणुऊर्जा आस्थापना, ट्रॉम्बे असं होतं. जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात भाभांचं निधन झालं आणि १९६७ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

अणू आणि अवकाश, एकाच घरातले दोन भाऊ

आज अणुऊर्जा विभाग वेगळा आणि इस्रो वेगळी. पण सुरुवात एकाच घरातून झाली. १९६२ मध्ये अवकाश संशोधनासाठी जी राष्ट्रीय समिती नेमली गेली, ती अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली होती. समितीचं काम डॉ. विक्रम साराभाईंकडे होतं. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधल्या थुंबाहून पहिलं रॉकेट उडालं, तेही याच व्यवस्थेतून. भाभा गेल्यानंतर अणुऊर्जा आयोगाचं अध्यक्षपद साराभाईंकडेच आलं. १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रो स्थापन झाली. १९७२ मध्ये अवकाश विभाग स्वतंत्र झाला आणि दोन्ही भावांच्या चुली वेगळ्या झाल्या.

रॉकेटच्या इंधनात मराठी माणसाचाही मोठा वाटा आहे. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर थुंबाला गेले ते घन इंधनाच्या कामासाठी. रॉकेटमध्ये भरायचं घट्ट, रबरासारखं इंधन देशातच बनवण्याच्या कामात त्यांचं नाव आघाडीवर आहे. पुढे १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. चंद्रयान-३ उडताना रॉकेटच्या दोन्ही बाजूंना जे जाडजूड पांढरे नळकांडे दिसतात, त्यांत घन इंधनच असतं.

रॉकेट उडतं कशानं?

दिवाळीतला बाण आठवा. दारू जळते, गरम वायू खाली जोरात निसटतो आणि बाण वर जातो. मोठं रॉकेट याच तत्त्वावर चालतं. मागे काहीतरी जोरात फेकायचं, की आपण पुढे जातो. जितक्या वेगानं फेकाल, तितकं कमी इंधन लागतं. या धंद्याचं सगळं गणित या एका वाक्यात आहे.

आता अडचण कुठे येते ते पाहू. समजा बुलढाण्याहून ट्रॅक्टर घेऊन मुंबईला जायचंय, पण वाटेत एकही पेट्रोल पंप नाही. सगळं डिझेल ट्रॉलीत घेऊन निघावं लागेल. डिझेलचं वजन वाढलं म्हणजे ते ओढायला आणखी डिझेल, आणि त्या जादा डिझेलला ओढायला आणखी थोडं. रॉकेटचं असंच होतं. शिवाय अवकाशात हवा नाही, म्हणून जळायला लागणारा प्राणवायूसुद्धा सोबत न्यावा लागतो. म्हणूनच सुमारे ३,९०० किलोचं चंद्रयान-३ पाठवायला सुमारे ६४० टनांचं रॉकेट लागलं. बाकी बहुतेक सगळं इंधनच.

घन इंधनाच्या रॉकेटमधून वायू साधारण सेकंदाला अडीच-पावणेतीन किलोमीटर वेगानं बाहेर पडतो. द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप प्राणवायू जाळणारं क्रायोजेनिक इंजिन सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास जातं. रासायनिक इंधनाची ही जवळपास शेवटची हद्द आहे. याहून फार पुढे जाळपोळ करून जाता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांची नजर अणूकडे गेली.

अणुइंजिनात जळत काहीच नाही

अणुइंजिनात आग नसते. आत छोटी अणुभट्टी असते. युरेनियमचे अणू फुटतात आणि प्रचंड उष्णता तयार होते. त्या भट्टीतून थंडगार हायड्रोजन सोडायचा. तो क्षणात दोन-अडीच हजार अंशांपर्यंत तापतो, फुगतो आणि मागच्या तोंडातून सुसाट बाहेर पडतो. प्राणवायूची गरजच नाही, कारण जाळायचं काहीच नाही.

फायदा नेमका कुठे? क्रायोजेनिक इंजिनातून पाण्याची वाफ बाहेर पडते, ती तुलनेनं जड. अणुइंजिनातून नुसता हायड्रोजन बाहेर पडतो, तो सगळ्यांत हलका वायू. सारख्याच उष्णतेत हलका कण जास्त जोरात पळतो. गोफणीतून लहान गोटा आणि मोठा धोंडा फेकून पाहिला तर फरक कळेल. त्यामुळे बाहेर पडण्याचा वेग सेकंदाला आठ-नऊ किलोमीटरपर्यंत जातो, म्हणजे क्रायोजेनिकच्या जवळपास दुप्पट. आपल्या ट्रॅक्टरच्या भाषेत सांगायचं तर, तेवढ्याच टाकीत सरासरी दुप्पट.

हे फक्त कागदावर राहिलेलं नाही. अमेरिकेनं १९५५ मध्ये या कामाला हात घातला. नेवाडाच्या वाळवंटात अशा अनेक भट्ट्या जमिनीवर चालवून पाहिल्या. १९६८ मध्ये ‘फीबस’ मालिकेतल्या एका भट्टीनं काही मिनिटं ४,००० मेगावॉटइतकी उष्णता दिली. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची वीजनिर्मितीची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. उष्णता आणि वीज यांची तुलना सरळ करता येत नाही, पण एका खोलीत मावेल एवढ्या यंत्राची ही ताकद होती.

मग गाडी अडली कुठे? पैशावर. चंद्रावर माणूस उतरला, लोकांचा उत्साह ओसरला, मंगळावर माणूस पाठवायचा बेत गुंडाळला गेला आणि जानेवारी १९७३ मध्ये हा कार्यक्रमच बंद झाला. २०२३ मध्ये नासानं अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेसोबत ‘ड्रॅको’ नावानं पुन्हा सुरुवात केली. २०२७ पर्यंत अवकाशात चाचणी करायचा विचार होता. पण २०२५ मध्ये तोही प्रकल्प थांबवला गेला. म्हणजे जगातल्या सगळ्यांत श्रीमंत अवकाश संस्थेलाही सत्तर वर्षांत हे इंजिन अवकाशात नेता आलेलं नाही. ‘आपण बनवलं’ असा मेसेज आला की ही एक गोष्ट लक्षात ठेवावी.

अजून एक गैरसमज. अणुइंजिन जमिनीवरून रॉकेट उडवायला वापरायचं, असं कुणीच म्हणत नाही. भट्टी जड, तिच्याभोवतीचं संरक्षण जड आणि जमिनीजवळ किरणोत्साराचा धोका. योजना नेहमी अशी असते की, साध्या रॉकेटनं बंद भट्टी वर न्यायची आणि पृथ्वीपासून पुरेशी लांब गेल्यावरच सुरू करायची. न पेटवलेल्या भट्टीतल्या ताज्या युरेनियमचा किरणोत्सार खूप कमी असतो. खरा जहाल कचरा भट्टी चालल्यावर तयार होतो.

आणि ‘मंगळ काही दिवसांवर’ हेही खरं नाही. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी उडालं आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी पोचलं. अणुइंजिनानं असा प्रवास काही महिन्यांनी कमी होऊ शकतो. अंतराळवीरांसाठी तेवढंही फार मोठं आहे, कारण प्रवास लांबला की अन्न, पाणी आणि अवकाशातल्या किरणांचा मारा, सगळंच वाढतं. पण महिन्यांचे दिवस होत नाहीत.

विक्रम आणि प्रज्ञान पुन्हा का उठले नाहीत?

आता ट्रॉम्बेच्या त्या दोन छोट्या वस्तूंकडे येऊ. त्यांचं महत्त्व समजायला सप्टेंबर २०२३ आठवावा लागेल.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरलं. शाळांमध्ये, ग्रामपंचायतींमध्ये, चहाच्या टपऱ्यांवर लोकांनी ते थेट पाहिलं. प्रज्ञान रोव्हरनं सहा चाकांवर शंभर मीटरच्या आसपास फेरफटका मारला. आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघांनाही झोपवण्यात आलं. २२ सप्टेंबरच्या सुमारास तिथे पुन्हा ऊन आलं. इस्रोनं हाका मारून पाहिल्या. उत्तर आलं नाही.

कारण एकच, थंडी. चंद्रावरचा एक दिवस आपल्या चौदा दिवसांचा आणि रात्रही चौदा दिवसांची. तिथे हवा नाही, त्यामुळे ऊन गेलं की ऊब धरून ठेवणारं काहीच उरत नाही. तापमान उणे शंभरच्याही बरंच खाली जातं. आपल्या घरच्या फ्रीजरमध्ये उणे अठराच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज करा. अशा थंडीत बॅटरी मरते. सर्किटवरचे डाग आकसतात, तडकतात. आणि सौर पॅनेल अंधारात काही करू शकत नाही. वीज नाही म्हणून हीटर नाही, आणि हीटर नाही म्हणून यंत्र वाचत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. विक्रम आणि प्रज्ञान यांची रचनाच चंद्राच्या एका दिवसासाठी होती. ते काम त्यांनी पूर्ण केलं. पुन्हा उठले असते तर तो बोनस होता. म्हणून याला अपयश म्हणणं चुकीचं. पण प्रश्न खरा आहे. आपल्या लोणारचं विवर साधारण पावणेदोन किलोमीटर रुंद, बेसाल्टच्या खडकात आघातानं झालेलं. चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारे त्याच्याकडे म्हणूनच पाहतात. पण त्याला धड एक फेरी मारून नीट अभ्यास करायला माणसाला किती दिवस लागतात? मग चंद्रावरच्या शेकडो विवरांचा अभ्यास चौदा दिवसांत, सेकंदाला एक सेंटिमीटर सरकणाऱ्या गाडीनं कसा व्हायचा? चंद्रावर टिकून राहायचं असेल तर रात्र काढता आली पाहिजे.

शेणखताच्या ढिगासारखी ऊब

हिवाळ्यात पहाटे शेणखताच्या ढिगात हात घातला तर आत गरम लागतं. कुणी पेटवलेलं नसतं, धूर नसतो, तरी ऊब असते. आतल्या आत काहीतरी कुजत असतं आणि त्यातून उष्णता निघत असते. काही किरणोत्सारी पदार्थांचं वागणं बाहेरून पाहिलं तर असंच असतं. ढिगात जिवाणू काम करतात, इथे अणूचं केंद्रक स्वतःहून तुटत जातं. पण परिणाम तोच. ना आग, ना हवा, ना ऊन, ना चालू-बंद करायचं बटण. पदार्थ गरम राहतो.

अवकाशात यासाठी सगळ्यांत जास्त वापरला गेलेला पदार्थ म्हणजे प्लुटोनियम-२३८. त्याचा एक ग्रॅम साधारण अर्धा वॉट उष्णता देतो. आणि ती निम्मी व्हायला सुमारे अठ्ठ्याऐंशी वर्षं लागतात. आज बसवलेली शेगडी नातवाच्या म्हातारपणीही कोमट असेल, असा हिशोब. लक्षात ठेवा, अणुबॉम्बमधलं प्लुटोनियम वेगळं, ते २३९. नाव एक असलं तरी दोघांचं काम वेगळं.

चंद्रयान-३ सोबत ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रानं बनवलेल्या अशा दोन ‘ऊब-कुप्या’ होत्या. त्यांना तांत्रिक भाषेत रेडिओआयसोटोप हीटिंग युनिट म्हणतात. प्रत्येकीची ताकद एक वॉट. त्या विक्रममध्ये नव्हत्या, प्रज्ञानमध्येही नव्हत्या. विक्रमला चंद्राच्या कक्षेपर्यंत ढकलत नेणारं जे प्रॉपल्शन मोड्यूल होतं, त्यात होत्या. ही माहिती मोहीम पार पडल्यावर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अजितकुमार मोहंती यांनी दिली. आपली ऊब-कुपी उड्डाणाचे धक्के सोसते का, अवकाशात ठीक चालते का, हे आधी सोप्या जागी तपासून पाहणं, असा तो प्रयोग होता.

“एक वॉट? एवढ्यानं काय होते?” हा प्रश्न रास्त आहे. एक वॉट म्हणजे लहानशा टॉर्चच्या बल्बाएवढं. आपल्या खोलीत त्याचा काही उपयोग नाही, कारण हवा ऊब पळवते. पण अवकाशात हवा नाही. यंत्राच्या महत्त्वाच्या भागाला चकचकीत सोनेरी कागदाचे अनेक थर गुंडाळले की ते थर्मासच्या बाटलीसारखं होतं. आतली ऊब बाहेर पडायला वाटच कमी. मग बॅटरीजवळ किंवा एखाद्या नाजूक सांध्याजवळ ठेवलेला एक-एक वॉट ती जागा गोठण्यापासून वाचवू शकतो.

हे याआधी सिद्ध झालेलं आहे. १९७० मध्ये सोव्हिएत रशियाची ‘लुनोखोद-१’ ही गाडी चंद्रावर उतरली. तिच्या आत पोलोनियमची ऊब होती. तिनं एक नाही, अनेक रात्री काढल्या आणि कित्येक महिने फिरली. २०१३ नंतर चीनच्या यानांनीही अणूच्या उबेवर चंद्राच्या रात्री काढल्या आहेत. आपलं पहिलं पाऊल २०२३ मध्ये पडलं.

उबेपासून विजेपर्यंत

पुढची पायरी म्हणजे या उबेपासून वीज. दोन वेगळ्या धातूंचे सांधे एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला थंड ठेवले की त्यांतून थोडी वीज वाहते. फिरणारा भाग एकही नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं फार काही नाही. अमेरिकेची दोन ‘व्हॉयेजर’ यानं १९७७ मध्ये अशाच वीजसंचांवर निघाली. निघताना प्रत्येकाकडे सुमारे ४७० वॉट वीज होती, म्हणजे आपल्या घरातली पाणी चढवायची अर्ध्या एचपीची मोटरही जेमतेम चालेल इतकी. त्यावर पहिलं यान आज २,४०० कोटी किलोमीटरच्या पलीकडे गेलंय, जिथे सूर्य म्हणजे एक ठळक चांदणी. मंगळावरच्या ‘क्युरिऑसिटी’ आणि ‘पर्सिव्हरन्स’ या गाड्याही याच विजेवर चालतात. धुळीच्या वादळात सौर पॅनेलवर धूळ बसते, त्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही.

भारतातही हालचाल सुरू झाली आहे. २०२१ मध्ये इस्रोच्या बंगळुरू इथल्या यू. आर. राव उपग्रह केंद्रानं शंभर वॉटच्या अशा वीजसंचासाठी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले होते. जपानसोबतच्या चंद्रयान-५ मोहिमेला २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. प्रज्ञान २६ किलोचं होतं, या मोहिमेतली गाडी साडेतीनशे किलोची असणार आहे. एवढी मोठी गाडी चौदा दिवसांत निवृत्त करायला कुणीच पाठवत नाही. रात्र काढायचा प्रश्न त्यामुळे आता टाळता येणार नाही.

आणि पडलं तर?

हा प्रश्न विचारायलाच हवा. अणूचा पदार्थ रॉकेटवर ठेवायचा आणि रॉकेट कधी कधी फसतं, हे सगळ्यांना माहीत आहे. जगाचा अनुभव काय सांगतो?

एप्रिल १९६४ मध्ये अमेरिकेचा एक उपग्रह कक्षेत पोचलाच नाही. त्यातला प्लुटोनियमचा वीजसंच परत येताना वातावरणात जळाला आणि पदार्थ वरच्या हवेत पसरला. तेव्हाची रचनाच तशी होती, जळून विरळ व्हावं अशी. या घटनेनंतर विचार उलटा झाला. काहीही झालं तरी कुपी फुटू नये, जळू नये, अखंड खाली यावी. १९७० मध्ये अपोलो-१३ चं चांद्रयान परत येताना त्याचा प्लुटोनियमचा डबा पॅसिफिक महासागरात खोल पडला. गळतीची खूण सापडली नाही.

सगळ्यांत वाईट अनुभव २४ जानेवारी १९७८ चा. सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस-९५४ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडे कोसळला. त्यात ऊब-कुपी नव्हती, चालून झालेली अख्खी अणुभट्टी होती. बर्फाळ प्रदेशात शेकडो किलोमीटर किरणोत्सारी तुकडे विखुरले आणि ते शोधायला महिने लागले. त्यानंतर चर्चा होत होत १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अवकाशातल्या अणुसाधनांसाठी तत्त्वं ठरवली. उड्डाणाआधी सुरक्षेचा अभ्यास करायचा, तो जाहीर करायचा, आणि भट्टी असेल तर ती पुरेशा उंचीवर गेल्याशिवाय चालवायची नाही, हे त्यातलं मुख्य.

प्लुटोनियम-२३८ मधून निघणारे अल्फा किरण कागदही ओलांडत नाहीत. बंद कुपीत असेपर्यंत धोका कमी. पण त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात गेली तर ती घातक असते. म्हणून सगळी मदार कुपीच्या कवचावर. आपल्याकडे किरणोत्साराच्या सुरक्षेवर लक्ष ठेवायला १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, त्याचं मुख्यालयही ट्रॉम्बेजवळच्या अणुशक्तीनगरमध्येच आहे. पुढच्या मोहिमांमध्ये एक-दोन वॉटऐवजी शंभर वॉटचे संच जायला लागले तर पदार्थही त्या प्रमाणात वाढेल. तेव्हा श्रीहरिकोट्याच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला आणि ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातल्या माणसाला सोप्या भाषेत उत्तरं मिळाली पाहिजेत. आत काय आहे, किती आहे, कवच कशाचं, फसलं तर काय होईल. मोहीम झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलं तर विश्वास वाढतो. अभिमान आणि प्रश्न या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवता येतात.

आणि हो, ‘किरण मारलेलं बियाणं’ या शब्दाला अजूनही काही जण बिचकतात. त्यांच्यासाठी फरक सांगतो. हात मोडल्यावर आपण एक्स-रे काढतो, म्हणून हात किरणोत्सारी होत नाही. बियाण्यावर किरण पडले, बदल झाला, किरण निघून गेले. टीएयू-१ च्या उडदात किरणोत्सारी पदार्थ नसतो. ऊब-कुपीत मात्र तो पदार्थच भरलेला असतो. म्हणून उडदाचे वडे बिनधास्त खावेत आणि कुपी मात्र फुटू देऊ नये.

आपल्या पोरांना ट्रॉम्बेचा रस्ता

मेसेज पुढे पाठवण्यापेक्षा घरातल्या पोरा-पोरीला हे सांगणं जास्त कामाचं. भाभा केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे. अभियांत्रिकीची पदवी किंवा विज्ञानाची पदव्युत्तर पदवी असलेल्यांना तिथे परीक्षा आणि मुलाखतीतून एक वर्षाच्या प्रशिक्षणासाठी निवडतात आणि प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन मिळतं. पण फक्त मोठ्या डिग्रीवाल्यांचंच तिथे काम असतं असं नाही. आयटीआय, बारावी विज्ञान, पदविका आणि बीएस्सी झालेल्यांसाठीही विद्यावेतनासह प्रशिक्षणार्थी म्हणून भरती निघते. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हे सगळे तिथे लागतात. चंद्रावर जाणाऱ्या कुपीचं कवच शेवटी कुणाच्या तरी हातानंच जोडलं जातं. जाहिराती केंद्राच्या अधिकृत संकेतस्थळावर येतात. भरतीसाठी पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला सरळ पोलीस स्टेशनचा रस्ता दाखवावा.

पुढचा मेसेज आला तर हे तपासा

• ‘अणुरॉकेट उडालं’ असं लिहिलंय का? आजवर असं इंजिन कोणत्याही देशानं अवकाशात चालवलेलं नाही.

• इंजिनाबद्दल सांगताहेत की ऊब आणि विजेबद्दल? चंद्रयान-३ वर होती ती ऊब. दोन कुप्या, प्रत्येकी एक वॉट.

• ‘जमिनीवरून अणूच्या जोरावर उड्डाण’ असं असेल तर मेसेज तिथेच सोडा. जमिनीवरून साधंच रॉकेट उडतं.

• ‘मंगळ काही दिवसांत’ असं असेल तरीही सोडा. महिने वाचू शकतात, पण प्रवास दिवसांवर येत नाही.

• बातमीत इस्रो, अणुऊर्जा विभाग किंवा भाभा केंद्राचं अधिकृत निवेदन आहे का, ते पाहा. नसेल तर पुढे पाठवू नका.

दोन वॉटची ऊब ऐकायला लहान वाटते. पण चंद्रावरच्या चौदा दिवसांच्या रात्रीत लाखो किलोमीटर लांब असलेली गाडी मरते की सकाळी उठते, हे इतक्याच उबेवर ठरू शकतं. ट्रॉम्बेच्या कामाचा अभिमान वाटायला तेवढं पुरेसं आहे. त्यावर खोट्या रॉकेटचा फोटो चिकटवायची गरज नाही.